सरांचा अल्बम

गोम्स सर स्वतःचाच अल्बम स्पीकरला कान चिकटवून ऐकत होते. मी त्यांचा जुना विद्यार्थी. चाळीस वर्षं ते दुसऱ्यांच्या गाण्यांत गिटार वाजवत राहिले आणि पंचाहत्तरीत त्यांनी हा पहिला अल्बम केला. जॅझ आणि रॉक एकत्र, शब्द एकही नाही. प्रत्येक तुकडा गेलेल्या माणसावर आहे. एक बायकोवर, एक ड्रमर मित्रावर. मित्राच्या तुकड्यात गिटार मधेच थांबते आणि ड्रमच्या झांजा तेवढ्या हलकेच वाजत राहतात.

“झांजा येतायत ना ऐकू?” सरांनी विचारलं.

“स्पष्ट येतायत, सर.”

“मला नाही येत रे. रेकॉर्डिंगला येत होत्या. आता कानात नुसती शिट्टी.”

माणूस आयुष्यभर आपल्या वेळेची वाट बघतो. ती येते तेव्हा त्याच्यातलं किती शिल्लक असतं, हे कुणीच विचारत नाही. मलाही विचारवलं नाही.

शेवटचा तुकडा संपला. खोली शांत झाली. मी उठायला लागलो, तसं सरांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं.

“थांब, बस,” ते म्हणाले. “आता माझा सोलो येतोय.”