कॅमेऱ्यापुढचा ढावलो

“याडी, तुला गाणं म्हण म्हनलं होतं. मयत करायला न्हाई सांगितलं!” विकास, मला याडी म्हणजे आई म्हणणारा माझा थोरला, सकाळपासून तेच धरून बसला होता.

“मयत काहून? लग्न केलं मी.”

“या वयात?” खाटेवरून धर्मसिंग बोलले. नवरा असून त्यांना आवतन नव्हतं.

झालं असं, हिंगोलीची अपर्णा आमच्या बंजारा तांड्यातल्या गाणाऱ्या बायांवर फिल्म करते आहे. “मावशी, तुमची कहाणी गाण्यातून सांगा,” म्हणाली. माझी कहाणी चुलीपासून कापसाच्या शेतापर्यंत आणि तिथून परत चुलीपर्यंत. आवाज पिठाच्या गिरणीसारखा. पण फुशारकी पोरीसारखी. मी थेट ढावलोच धरला, सासरी निघताना नवरी रडत म्हणते तो.

ढावलो लांबून ऐकायचा नसतो. कानावर आला की बाई हातातलं टाकून येते आणि नवरीच्या गळ्यात पडून रडते. हे मीच पोरींना शिकवते. पण काल कॅमेरा दिसला आणि अक्कल चरायला गेली. पिठाच्या हातांनी बाया धावत आल्या. माईक खाली, त्यावर मी, माझ्यावर अर्धा तांडा. पोटभर रडून झाल्यावर रामजीच्या म्हातारीनं विचारलं, “कुणाची लेक चालली गं?”

“माझ्या बापाची,” मी म्हणाले. “जुनीच हाय.”

“उद्या पुन्हा येऊन राहिले ते फिल्मवाले,” विकास म्हणाला. “होळीचं गाणं म्हण. वारंगा फाट्याहून आरशांचा घागरा आणलाय, तो घाल. बायांना लांब ठेव. रडणं मी कापायला सांगतो.”

घागरा मी गुपचूप घालून पाहिला होता. नाडी कमरेच्या अर्ध्या वाटेतच थकली. तेही हसण्यावारी नेलं असतं. पण कापणं? नवरा, घर, शेत, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. लग्नात आईच्या गळ्यात पडून म्हटलेल्या ढावलोचे शब्द तेवढे माझे मी जोडलेले, आणि काल तेच म्हटले.

“मला तर काल रडून लई हलकं वाटलं,” सून मीना तव्याकडे बघतच म्हणाली.

विकासनं तिच्याकडे डोळे वटारले. मी घागऱ्याची घडी करून त्याच्या मांडीवर ठेवली.

“उद्या ढावलोच म्हणीन. सगळ्या बाया येतील. मीना पयली गळ्यात पडंल. भाकरी तुमी बापलेक थापा.”