बारशाच्या रांगेत

"पाद्रीबाबा, मी उद्या पोरीले घेऊन चिचगडले चालली. माहेरी. आता वापस येत नाही!"

सगुणा आमची शेजारीण. तिचे यजमान डोमाजी गुरुजी चळवळीत तुरुंगात गेले, मागाहून पोर झाली. गुरुजी सुटले त्याला आठवडा झाला, पण घरी कुठले! रोज नवं गाव बैलगाडी घेऊन हजर. हार, मिरवणूक, भाषण. गुरुजींना 'नाही' म्हणता येत नाही, हाच त्यांचा आजार. आज तर ते आमच्या सालेकशातच, स्टेशनपाशी मांडवात बसलेले. सगुणा भेटायला गेली, तर व्हॉलंटियरनं हटकलं, "बाई, रांगेतून या!"

आमच्यात पाद्रीला पाळक म्हणतात. हरवलेलं मेंढरू शोधणं ही आमची नोकरीच. पण हे मेंढरू आमच्या कळपातलं नव्हतं, आणि हरवलं होतं भर गर्दीत.

मी मांडवाकडे निघालो, तर मिशनचे साहेब म्हणाले, "राजकारणात पडू नका."

"साहेब, ही घरभेट आहे." घरभेट म्हणजे दुःखी घरी जाऊन बसणं, ऐकणं.

"मग मांडवात कशाला?"

"घरातला माणूस तिथं आहे ना!"

त्या दिवसांत पुढाऱ्याकडून पोरांची नावं ठेवून घ्यायचं भारी वेड होतं. मांडवात बायकांची हीऽ रांग! मी सगुणाला म्हटलं, "चल, पोरीला घेऊन उभी राहा."

"माह्याच नवऱ्यासमोर रांगेत?"

"नवरा मोठा झाला, बाई. भोग आता."

ती फणकारली, पण उभी राहिली. मीही मागे उभा. गुरुजी कानापर्यंत हारांत बुडालेले, झोपेनं डोळे मिटत होते. मान वर न करता विचारायचे, "बाप काय करतो?" मग डोक्यावर हात ठेवून नाव द्यायचे. विजया. स्वराज. आमची पाळी आली.

"बाप काय करतो?"

"दुनियेच्या पोरायले नाव देऊन राहिला," सगुणा कडाडली. "आपल्या पोरीचं तोंड पाहाले त्याले टाइम नाही!"

गुरुजींनी वर पाहिलं. मग एक म्हातारी फिस्सकन हसली आणि सगळेच हसले. गुरुजींनी हार उतरवले, पोरीला उराशी धरलं आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

"घरापर्यंत मिरवणूक काढू!" कुणीतरी ओरडलं.

"नाही," गुरुजी म्हणाले. "आज नाही."

सगुणा माहेरी गेली ती दिवाळीला, नवऱ्यासोबत.

साहेबांनी त्याच संध्याकाळी विचारलं, "प्रार्थना तरी केलीत का?"

"केली ना. रांग लवकर सरकू दे म्हणून."

पुढाऱ्याला उपदेश करू नये. त्याच्या बायकोला रांगेत उभं करावं.