दहापैकी तीन

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "आक्का गेली," एवढंच ती म्हणाली. आक्का म्हणजे आईची थोरली बहीण, माझी मालूमावशी. जिना उतरून मी स्कूटीपाशी पोचते तोवर फोन पुन्हा थरथरला. रायडिंग क्लबच्या ग्रुपवर अध्यक्षांनी लिहिलं होतं, 'अश्वक्रीडा क्षेत्राची अपरिमित हानी. कर्तव्यकठोर न्यायाधीश हरपल्या.' त्याखाली हलणाऱ्या ज्योतीची समई आणि कुठल्या तरी परदेशी घोड्याचं चित्र होतं. मग जोडलेल्या हातांची रांग लागली. मावशीला अजून दवाखान्यातून घरी आणलंही नव्हतं. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी शिसारी आली. महिना उलटून गेला तरी ती गेलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

शोकसभा क्लबच्याच हॉलमध्ये झाली. फोटोला गुलाबांचा हार होता, मागच्या टेबलावर झाकून ठेवलेल्या सामोशांचा वास येत होता. सगळ्यांत जास्त वेळ अध्यक्ष बोलले. ते मोठे बिल्डर आहेत, क्लबचे निम्मे घोडे त्यांचेच. "मॅडमनी आयुष्यात कधी तडजोड केली नाही," ते म्हणाले आणि रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. याच माणसाने शेवटची दोन वर्षं मावशीला न्यायाधीशाच्या खुर्चीच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. शेवटी त्यांनी जाहीर केलं की येत्या हिवाळ्यातल्या स्पर्धेत मावशीच्या नावाचा फिरता चषक देण्यात येईल. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! शेजारच्या बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "किती अभिमान वाटत असेल नाही तुला?" मी मान हलवली. मला न बोलता मान हलवायची सवय आहे.

मावशी गुरांची डॉक्टर होती. कागलकडच्या गावांत आणि नंतर चंदगडच्या पावसात तिने सरकारी नोकरीची वर्षं काढली. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू बाहेर काढायचं, हात धुवायचे आणि त्याच गोठ्यात बसून चहा प्यायचा, असं तिचं काम. पू, शेण, रक्त, कशाचीच तिला शिसारी नव्हती. लहानपणी मला तिच्या कपड्यांच्या वासाने कसंतरी व्हायचं, तर ती मुद्दाम जवळ ओढून म्हणायची, "ये की गं हिकडं, इंग्लिश मॅडम. वासानं मरत न्हाई कोण."

घोड्यांशी तिचा संबंध आला तो क्लबच्या एका स्पर्धेमुळे. नियमाप्रमाणे तिथे जनावरांचा डॉक्टर हजर लागतो, म्हणून हिला बोलावलं होतं. तिथे तिने पहिल्यांदा ड्रेसाज पाहिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आखलेल्या चौकोनात स्वार घोड्याला ठरवून दिलेल्या चाली करायला लावतो, वळणं, तिरकं चालणं, थांबणं, आणि न्यायाधीश प्रत्येक चालीला दहापैकी गुण देतो. स्वाराने घोड्याला काही सांगितलेलं दिसताच कामा नये, अशी त्यातली खुबी. मावशी आधी हसली होती म्हणे, "ह्ये काय, घोड्याला नाचिवत्यात व्हय?" मग एक म्हातारी घोडी आत आली. लगाम जेमतेम धरलेला, तोंड मऊ, कान स्वाराकडे. "आपल्याच मनानं चालल्यागत चालली बघ ती," मावशी कितीदा तरी सांगायची. "जनावर आन् माणूस येवढं एकमेकाचं ऐकत्यात, ह्ये मी गोठ्यात जलमात बघितलं न्हवतं." चाळिशी ओलांडलेल्या बाईने मग घोड्यावर बसायला शिकून घेतलं, पडली, हात मोडून घेतला, आणि हळूहळू खालच्या पातळीच्या स्पर्धांची न्यायाधीश झाली.

न्यायाधीशाला घोड्यावरून नजर काढता येत नाही, म्हणून शेजारी एक लेखनिक बसतो. तो गुण आणि शेरे लिहून घेतो. मावशीने मला तिथे बसवलं तेव्हा मी शाळेत होते. "तुझं इंग्रजी बरं हाय, अक्षर बरं हाय, आन् तू बोलत न्हाईस. लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतंय." शेरे इंग्रजीत लिहावे लागत आणि मावशी पुटपुटायची ती असं, "चार. गाढवागत चाललंय." मी लिहायची, 'चालीत जोम हवा.' "पाच. पोरगी बसलीया का पोतं ठेवलंय?" मी लिहायची, 'स्वाराची बैठक सुधारावी.' हसू आवरताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. चारचौघांत मला जे बोलता येत नाही ते ती बोलायची आणि मी ते सभ्य करून कागदावर उतरवायची. मला वाटतं, आमच्या दोघींचं जमलं ते यामुळेच.

पण तिला वरिष्ठ न्यायाधीश व्हायचं होतं. खालच्या पातळीवर बहुतेक नवशिकी मुलं आणि शांत घोडी असतात. मोठ्या पैशांचे, मोठ्या चालींचे घोडे वरच्या पातळीवर. त्यांच्या तोंडात दोन-दोन लोखंडी दांडे असतात, आणि चाल सर्वांत चकचकीत दिसावी म्हणून कधी कधी ते असे ओढले जातात की घोड्याची हनुवटी छातीला टेकते. मावशीला तिथे बसायचं होतं. "जिथं जनावर चिरडतंय तिथं बघणारं कोणतरी पायजे का नको?" तिने एवढंच ठरवलं होतं.

वरिष्ठ होण्याची रीत अशी की आधी वर्गांना जायचं, मग अनुभवी न्यायाधीशांच्या शेजारी बसून मनातल्या मनात गुण द्यायचे आणि नंतर ते पडताळायचे. परीक्षेतही तेच, फक्त गुण कागदावर, आणि मावशीची लेखनिक मीच. तुमचे गुण परीक्षकांच्या गुणांपासून फार लांब गेले की तुम्ही नापास. ऐकायला हे ठीक वाटतं, आणि नवख्याने मनाला येईल तसे गुण देऊ नयेत म्हणून ते हवंही असेल. पहिल्या परीक्षेला आम्ही बंगळूरला गेलो. एक काळा घोडा आला, उंच, तुकतुकीत, पाय असे उचलत होता की प्रेक्षक श्वास रोखून बसले. मावशी पाय बघतच नव्हती. ती म्हणाली, "तीन." मी तिच्याकडे पाहिलं. "तीनच लिही. जीभ बघ त्याची." मग मला दिसलं. दांड्याखाली दबलेल्या जिभेचं टोक दातांच्या फटीतून बाहेर आलं होतं आणि ते निळं होतं... जांभळाने रंगल्यासारखं. तोंडातून फेसाच्या तारा लोंबत होत्या. मी तीन लिहिले.

परीक्षक दिल्लीचे, निवृत्त अधिकारी, वागायला अत्यंत मृदू. त्यांनी त्याच चालीला सात दिले होते. चहाच्या वेळी ते मावशीला हिंदीत म्हणाले, "डॉक्टरसाहिबा, तुम्ही इथे घोडा तपासायला आलेल्या नाही. हालचाल बघा."

"जीभ निळी झालीये सर," मावशी म्हणाली.

"उजेडाचा परिणाम असतो तो," ते हसून म्हणाले आणि त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

ती नापास झाली. पुढच्या खेपेलाही झाली, घोडा वेगळा होता, जीभ तशीच. परतताना बसमध्ये तिने विचारलं, "त्यास्नी दिसत न्हाई व्हय गं?"

"दिसतं, मावशी."

"मग?"

ती खिडकीकडे तोंड करून बसली.

तिसऱ्या खेपेला ती पास झाली. परीक्षक तेच दिल्लीचे, आणि त्यांच्या गुणांपासून तिचे गुण फार तर अर्ध्या गुणाने इकडेतिकडे. त्यांनी स्वतः उठून तिचा हात हातात घेतला, "आता तुमची नजर तयार झाली." परतताना कागलच्या अलीकडे हायवेवरच्या एका हॉटेलात आम्ही जेवायला थांबलो. मी पेढे मागवले. मावशी हात धुवायला गेली ती आलीच नाही. जाऊन पाहिलं तर नळाखाली पुन्हा पुन्हा चूळ भरत होती.

"काय झालं?"

"आज मी घोड्याकडं बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याकडं बघितलं. त्याच्या भुवया वर गेल्या की सात, जरा खाली आल्या की साडेसहा. जमलं की गं. लई सोपं हाय." तिने तोंड पुसलं. "ओकारी आल्यागत होतंय."

"मग दिलेस कशाला असे गुण?"

"घंटेसाठी," ती म्हणाली. मुख्य न्यायाधीशापुढे एक घंटा असते. ती वाजली की घोडा थांबतो, आणि मग त्याला बाद करायचं की नाही हे त्या खुर्चीतल्या माणसाच्या हातात. "आता ती मिळंल."

मी पेढ्यांचा पुडा उघडलाच नाही. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला तिचीही शिसारी आली. तिने त्या दिवशी ज्या घोड्यांना सात दिले त्यांच्या जिभा मीही पाहिल्या होत्या, आणि ते सात माझ्याच अक्षरात होते. घंटेसाठी म्हणून ते धुऊन निघतात का, मला अजून माहीत नाही. तिलाही माहीत नसावं.

मुख्य न्यायाधीश म्हणून तिची पहिली स्पर्धा कोल्हापुरातच झाली, आमच्याच क्लबवर. अध्यक्षांची मुलगी परदेशातून आणलेल्या तांबूस घोड्यावर आली. मुंबईहून पाहुणे आले होते, व्हिडिओवाले होते. घोडा सुरेख चालला. तिरकी चाल संपवून तो आमच्या समोरून वळला आणि मला फेस दिसला. तो गुलाबी होता. मी पेन उचलून गुणाची वाट पाहत होते. मावशीने गुण सांगितला नाही. तिने घंटा वाजवली.

मुलगी गोंधळून थांबली. अध्यक्ष जवळजवळ पळतच आले. "मॅडम, काय झालं?"

"तोंडात रक्त हाय. घोडा बाद."

"अहो, काल जीभ चावली होती त्याने. किरकोळ आहे."

"मग आज कशाला जुंपलासा त्याला?"

ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "पाहुणे बसलेत हो. पूर्ण करू दे तिला, पाहिजे तर गुण कमी द्या. तेवढं समजून घ्या की."

"समजून घिऊनच हितं आलिया," मावशी म्हणाली. "ती पोरगी रडाय लागलीया, तिला आदी खाली उतरवा. आन् घोड्याला पाणी दाखवा."

एवढंच झालं. भांडण नाही, आवाज नाही. पुढच्या स्पर्धेचं बोलावणं आलं नाही. त्यानंतरच्याही नाही. मावशी फोन करायची तेव्हा समोरून अतिशय आदराने सांगितलं जायचं की यंदाचं पॅनेल भरलं आहे, मॅडम, पुढच्या वेळी नक्की. पुण्याहूनही तेच, बंगळूरहूनही तेच. त्या मृदू परीक्षकांनी तर दिवाळीला मिठाई पाठवली. मावशीने ती गेटवरच्या वॉचमनला देऊन टाकली. ज्या खुर्चीसाठी तिने स्वतःची नजर एक दिवस गहाण टाकली, त्या खुर्चीत ती एकदाच बसली.

गेल्या आठवड्यात आई आणि मी तिचं घर आवरायला गेलो. अध्यक्षांचा निरोप येऊन पडला होता, चषकावर छापायला मावशीचा हसरा फोटो हवा, आणि मुख्य न्यायाधीश म्हणून दिल्लीचे तेच सर यायचं कबूल झाले आहेत. आई म्हणाली, "देऊन टाक. नाव तरी राहील आक्काचं." मी फोटो शोधत स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरच्या खिळ्यांना डाव, झारा, चिमटा टांगलेला, आणि त्यांच्याच रांगेत एक लोखंडी बिट, लगामाचा घोड्याच्या तोंडात जाणारा दांडा. ते तिथे का, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नवीन कुठलंही बिट हातात आलं की मावशी ते उकळायची आणि आधी स्वतःच्या तोंडात घालून बघायची. आई ओरडायची, "शी! आक्का, पोरं बघत्यात." मावशी ते तोंडात धरूनच हसायची.

मी पातेल्यात पाणी ठेवलं. बिट उकळलं, निवू दिलं, आणि तोंडात घातलं. दोन्ही कड्या धरून मागे ओढलं, फार जोरात नाही. जीभ खाली दबली. गिळता येईना. लाळ हनुवटीवरून गळ्यावर उतरली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ओढणारे हात माझेच असूनही मला भीती वाटली. मी काही क्षणांतच सोडून दिलं. घोडा एक फेरी पूर्ण करतो तेवढा वेळसुद्धा मी टिकले नाही... आई दारात उभी होती. या वेळी ती शी म्हणाली नाही.

अध्यक्षांना मी स्वतः फोन लावला. फोन करणं मला जड जातं, शक्यतो मी मेसेज करते. म्हटलं, मावशीचं नाव चषकाला देऊ नका.

"अगं, असं काय करतेस? नाव कोरूनसुद्धा झालंय."

"मग खोडा," मी म्हणाले.

मग त्यांनी अतिशय गोड आवाजात विचारलं, माझी तब्येत बरी आहे ना. मी फोन ठेवला, बिट पुन्हा उकळलं, पुसलं आणि झाऱ्याच्या शेजारी टांगलं. लोखंडाची चव मात्र गेली नाही. आईने केलेला चहा घेतला, तोही तसाच लागला.