दोघींचं सुतक
शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासाबरोबर कुपवाडच्या कारखान्यात कामाला असलेला माझा भाऊ घरातून फिरून गेल्यासारखा वाटतो. मालकाने यंत्राची संरक्षक जाळी काढून ठेवली होती, त्या यंत्रात सापडूनच तो गेला. त्याच्या अस्थी सावडून आलो त्याच दुपारी मालकाचा माणूस कागद घेऊन आला. "सकाळपर्यंत सही करा, पैसे हातात. पुन्हा दावा मात्र करायचा न्हाई." सुतकात विधवा उंबरा ओलांडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वहिनी भिंतीला टेकून बसलेली, कोपऱ्यात भावासाठी पिठावर ठेवलेला दिवा हलत होता आणि सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं संथ झालं होतं. मी मनात कामं मांडत होते: वकील, रिक्षा, पगाराच्या पावत्या. पण वकिलाच्या कागदावर सही वहिनीचीच लागणार; तिला बाहेर न्यायचं कसं? तेवढ्यात रीतीभाती कडक पाळणारी माझी आई उठली आणि तिने वहिनीच्या चपला दारात मांडल्या. "ऊठ गं. दोघींचं सुतक मी धरते. तू वकिलाकडं जा." "आवं आत्याबाई, लोक काय म्हणतील?" वहिनीने सासूला विचारलं. "म्हणू देत. लोकांचा पोरगा गेलाय व्हय?" वकिलाकडे विश्रामबागेच्या रस्त्याने जाताना वहिनीने पगाराच्या पावत्या पदराखाली धरल्या होत्या. दावा पुढे आम्ही जिंकलो, पण मला आजही दिसते ती रिक्षातून मागे वळून पाहिलेली, दारात एकटी उभी राहून लहान लहान होत गेलेली आई.