व्हॉल्व उघडायची वेळ

निघोजेतली पत्र्याची शेड माझ्या नावावर आहे, म्हणून गेल्या वर्षी मीच नातीला सांगून टाकलं, आणखी एक हंगाम. शर्यतीत तुझी गाडी न मोडता शेवटच्या रेषेपर्यंत पोचली तर शेड तुझी. नाही पोचली तर मी तिथे भिंती घालून कामगारांना खोल्या देणार. आधी दोनदा इंजिन मधेच बसलं होतं आणि गाडी टेम्पोवर लादून आणावी लागली होती. शेजारच्या बाया म्हणाल्या, म्हातारी फार कडक. कडक कसली? शेड घराला लागून आहे. इंजिनाचा आवाज भिंतीतून येतो आणि तो सुरू झाला की माझं कशातच मन लागत नाही. भाजी निवडायला घेते ती तशीच टाकून उठते, दारात जाते, परत येते.

नात चाकणला एका कंपनीत इंजिनांची तपासणी करते. दिवसभर तिथे इंजिनं, सुट्टीला इथे इंजिन. तिच्या जोडीला एक मित्र आहे, लातूरकडचा. भोसरीत मशीनवर पार्ट कापतो. दोघांनी मिळून एक जुनी गाडी घेतली आणि तिचं इंजिन ड्रॅग रेससाठी बांधायला काढलं. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, सरळ पट्टा, ना वळण ना ब्रेक. नीट बसून बघेपर्यंत संपते. त्यासाठी ही दोघं वर्षभर भांडतात.

या खेपेचं भांडण व्हॉल्ववरून होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण रोज तेच कानावर पडलं की कळायला लागतं. इंजिनात हवा घ्यायला आणि धूर सोडायला व्हॉल्व असतात. ते कधी उघडायचे याची वेळ ठरलेली असते. अलीकडच्या गाड्यांत, यांच्या इंजिनातही, ही वेळ चालता चालता बदलते, ऑइलच्या दाबानं. हळू जाताना एक वेळ, जोरात पळताना दुसरी. ही पोरं त्याला व्हीव्हीटी म्हणतात.

मित्राचं म्हणणं, शर्यतीच्या इंजिनाला ते कशाला हवं? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्याला ते ठीक आहे. आपली गाडी सुटल्यापासून शेवटपर्यंत फुल्ल पळणार, मग एकच वेळ ठरवायची आणि लॉक करून टाकायचं. नात म्हणायची, आपण हरतो ते सुटतानाच. पहिल्या झटक्याला गाडी झोपते, तिथेच व्हीव्हीटी कामाला येतं. तो म्हणायचा, क्लच नीट सोड म्हणजे झोपणार नाही. मग ती पाना आपटायची.

एकदा त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, बिघडण्यासारखी जी वस्तू असेल ती काढून टाका. नात म्हणाली, तसं असेल तर इंजिनच काढून टाकू.

शेवटी व्हीव्हीटी ठेवायचं ठरलं, कारण डोकं तिचं जास्त चालतं आणि आवाजही तिचाच मोठा. मग खंडेनवमी आली. आम्ही बौद्ध, आमच्याकडे हत्यारांची पूजा होत नाही. पण त्या पोराच्या घरी होते. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही, सगळं पुसून मांडायचं. तो हार, हळदकुंकू, अक्षता घेऊन आला. इंजिनाचा वरचा भाग टेबलावर उघडाच ठेवला होता. मी पूर्वी कामाला होते त्या वर्कशॉपमध्येही लेथला हार घालायचे, पण लेथ म्हणजे लोखंडाचा ठोकळा, दोन तांदळांनी त्याला काय होतं? नात हसत बाजूला उभी राहिली. त्यानं डोळे मिटून अक्षता टाकल्या. मी पेढा खाल्ला आणि आत गेले.

दसरा झाल्यावर त्यांनी कुंकू पुसून, हवा मारून इंजिन जोडलं. सुरू केल्यावर आवाज वेगळाच. खडखड, मग दम लागल्यासारखी धाप, मग बंद. मी हातातलं टाकून शेडमध्ये गेले. नातीनं ऑइलचा एक छोटा पार्ट काढून पांढऱ्या फडक्यावर उपडा केला. त्यातून तांदळाचा अर्धा दाणा पडला, कुंकवानं लाल झालेला. व्हीव्हीटीला ऑइल सोडणारी पिन त्यानं अडवली होती आणि तिच्यावर चरे पडले होते. नवा पार्ट शर्यतीच्या आधी मिळणार नव्हता.

नात शांतपणे म्हणाली, "तुला लॉकच करायचं होतं ना? केलंस, भावा."

त्याचा चेहरा उतरला. "हात जोडून खोटं करीन का मी?"

"तुझे हात तुझ्याजवळ ठेव."

मी मधे पडले नाही. पोरगं मुद्दाम करणाऱ्यातलं नाही हे मला दिसत होतं. पण उघड्या इंजिनावर डोळे मिटून काही टाकायचं नसतं, एवढं त्याला कळायला हवं होतं. तो निघून गेला. नात त्या दाण्याकडे बघत बसली. त्याच दुपारी खोल्या बांधणाऱ्या ठेकेदारानं विटांचा टेम्पो शेडपुढे रिकामा केला. मीच त्याला दसऱ्यानंतर ये म्हटलं होतं, गाडी पोचणार नाही याची माझी खात्रीच झाली होती. नातीनं विटा बघितल्या, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा इंजिनात डोकं घातलं. मला घरात बसवेना आणि बाहेर उभं राहवेना.

दोन-तीन दिवसांनी तो पोरगा परत आला. व्हीव्हीटी जागच्या जागी घट्ट धरून ठेवणारी एक चकती त्यानं शिफ्ट संपल्यावर कापून आणली होती. टेबलावर ठेवली. नातीनं ती उचलून उजेडात धरली, बसवून बघितली. बसली.

"आता सांग," ती म्हणाली, "एकच वेळ ठेवायची तर कुठली? सुटायची का शेवटची?"

"गाडी तू चालवणार. तू सांग."

तिनं चकती फडक्यानं पुसली. मग म्हणाली, शेवटची. सुटताना झोपली तरी चालेल, वेग चढल्यावर तुटायला नको. आजीला रेषा दिसायला पाहिजे.

शर्यतीला मी गेले. घरी बसून माझा जीव घुटमळला असता. ओसाड पडलेली विमानाची धावपट्टी होती, ऊन होतं, जळक्या रबराचा वास होता. कुणीतरी मला प्लास्टिकची खुर्ची दिली, मी तिच्यावर बसलेच नाही. दिवा हिरवा झाला आणि समोरची गाडी निघून गेली. आमची जणू जांभई देऊन उठली. पोरगा कपाळावर हात मारून खाली बसला. अर्ध्या पट्ट्यानंतर मात्र आवाज बदलला. तो आवाज मी भिंतीतून कधी ऐकला नव्हता. एकसारखा, चढत जाणारा, कुठे खोट नाही. ती समोरच्या गाडीला जवळजवळ गाठत गेली. हरली, पण गाडीच्या लांबीएवढ्याच फरकानं. आणि रेषा ओलांडून पुढे जाऊन स्वतःच्या चाकांवर परत आली.

नात उतरली ती भांडतच. म्हणाली, बघितलंस, व्हीव्हीटी असतं तर सुटतानाच धरली असती. तो म्हणाला, असतं तर पुढे इतकी धावली नसती, मधेच बसली असती. परतताना गाडीत सगळा रस्ता हेच. दोघंही खरं बोलत होते, म्हणून ते भांडण मिटण्यासारखं नव्हतं.

मी शब्द दिला होता, तेव्हा शेड गेली. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला फोन करून सांगितलं, विटा घेऊन जा. तो म्हणाला, "मावशी, उतरवलेल्या विटा कुणी परत घेत नाही." मग त्या पोराला म्हटलं, तुझ्या तांदळामुळे माझी झोप गेली होती, आता याच विटांची माझ्या बाजूला आणखी एक भिंत घाल. दोघांनी मिळून घातली, ओळंबा न लावता, जरा वाकडीच आहे.

आवाज तरीही येतो.