गुणाबाईच्या नावाचा पुकारा

सानगडी मागे पडून तासभर होऊन गेला होता, तरी गुणाबाई अजून एक शब्द बोलली नव्हती. पुढे ती, मागे शाळेच्या मास्तरीण निर्मलाबाई. धान निघून गेलेल्या भाताच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक उभं होतं आणि मधल्या बांधावर एका वेळी एकच पाऊल मावत होतं. गुणाबाई अनवाणी भराभर चालत होती. निर्मलाबाईंच्या चपलेचा अंगठा दोनदा निघाला. दोन्ही वेळा गुणाबाई थांबली, पण वळली नाही. पाठमोरी उभी राहिली आणि पुन्हा चालायला लागली.

त्या पाठीवर आज पोलकं होतं, आणि पोलक्यावरून घट्ट लपेटलेला पदर. उन्हं चढली तरी तिने तो सैल केला नाही. महिनाभरापूर्वीपर्यंत गुणाबाईने पोलकं कधी घातलेलं निर्मलाबाईंना आठवत नव्हतं.

आदल्या दिवशी ती शाळेच्या दाराशी आली होती. उद्या तुलारामच्या गावी जायचं आहे, सोबत चला, एवढंच म्हणाली. कशाला, ते सांगितलं नाही. निर्मलाबाईंनीही विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार? गुणाबाईच्या मुलीची तुलारामच्या घरची सोयरीक मोडायला आली होती ती त्यांच्यामुळेच.

गुणाबाई ढिवराची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, पदरी एक मुलगी रुखमा. सानगडीच्या तलावात जाळं टाकायचं, थंडीत शिंगाडे काढायचे, बाजारात टोपली घेऊन बसायचं, असं तिचं चाललं होतं. तलावात उतरताना लुगडं वर खोचायचं आणि पदर पुढून कमरेला बांधायचा. पाठ उघडीच असायची. तिच्या आईची, आजीचीही तशीच असे. सारा गाव त्या तलावावर अंघोळीला यायचा आणि त्या पाठीकडे कोणी डोळा उचलून पाहत नसे. निर्मलाबाई शाळेवर बदलून आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना त्या पाठीवरचे तीन वण दिसले होते. लहानपणी डब्याच्या आजारात, छाती भरून आली तेव्हा, कोणीतरी तापल्या सळईने डागलं होतं. निर्मलाबाईंनी हळहळून विचारलं, तर गुणाबाई हसली. म्हणाली, त्याच्यानंच तर जगली मी.

त्र्याऐंशी साली सिनेमावाले आले. साकोलीला उतरले होते आणि रोज गाड्या भरून तलावावर यायचे. गोष्ट एका ढिवरणीची होती. नटी मुंबईची. जाळं कसं धरायचं, मासोळी कशी सोलायची, टोपली डोक्यावर घेऊन कसं चालायचं, हे तिला शिकवायला त्यांनी गुणाबाईला धरलं. वीस दिवस गुणाबाईने शिकवलं. एक दिवस भल्या पहाटे नटीला तलावात उतरायचं होतं. थंडी कडाक्याची. नटीने पाण्यात बोट घातलं, जळू पाहिली आणि गाडीत जाऊन बसली. मग त्यांनी गुणाबाईला विचारलं. तिला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. ती रोजच्यासारखी उतरली. चार वेळा बाहेर ये म्हणाले, चार वेळा पुन्हा उतर म्हणाले. जाताना त्यांच्यातल्या एकाने तिला सांगितलं, आपका नाम आएगा.

हे "नाम आएगा" गुणाबाईने जपून ठेवलं. तिचा बाप दंडारीत नाचायचा. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर दंडारीचा नाच-खेळ होतो, आणि एखाद्याचं काम मनाला लागलं की बघणाऱ्यांतला कोणी उठतो, नाचणाऱ्याच्या छातीला नोट टाचतो आणि त्याच्या नावाचा पुकारा करायला लावतो. पुकारा ज्याने काम केलं त्याचाच. दुसऱ्याच्या नावाने इनाम घेतलेला माणूस त्या मुलखात कोणी पाहिला नव्हता. बक्षीस म्हणजे काय, हे गुणाबाईला एवढंच ठाऊक होतं.

तीन वर्षं त्या सिनेमाचं कोणी नावही काढलं नाही. तो साकोलीच्या टॉकीजपर्यंत आलाच नाही. मग एक दिवस निर्मलाबाईंनी वर्तमानपत्रात वाचलं की त्या नटीला बक्षीस मिळालं आहे आणि मुंबईचा समारंभ रविवारी संध्याकाळी टीव्हीवर दाखवणार आहेत. त्यांनीच ते तलावावर जाऊन गुणाबाईला सांगितलं. गुणाबाईने हातातलं जाळं खाली ठेवलं. म्हणाली, "मंग नाव येईन माहं."

रुखमाचं तेव्हाच जमलं होतं. तुलारामचा मुलगा जवाहरनगरच्या कारखान्यात लागला होता. ढिवराच्या पोरीला असं स्थळ सांगून येत नाही. कुंकू लावून झालं होतं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, व्हायचं होतं. गुणाबाई स्वतः चालत जाऊन व्याह्याला रविवारचं बोलावणं करून आली. माझ्या नावाचा पुकारा होणार आहे, म्हणाली, ऐकायला या.

गावात टीव्ही एकच, धानगिरणीच्या पुंडलिकरावांकडे. त्या दिवशी त्यांनी तो ओसरीवर काढला. बाया एका बाजूला, गडीमाणसं एका बाजूला. तुलारामला पाहुणा म्हणून खुर्ची दिली. गुणाबाई निर्मलाबाईंजवळ बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून.

मुंबईचे लोक एकेक करून बक्षीस घ्यायला येऊ लागले तशी ओसरीवर जीभ सुटली. एक नट दाटलेल्या गळ्याने बोलला, तर पुंडलिकराव म्हणाले, याची म्हैस मेली वाटते. एका म्हाताऱ्या गायिकेला दोघांनी धरून आणलं. गिरणीचा दिवाणजी भैय्यालाल म्हणाला, आणखी चार दिवस थांबले असते तर खांद्यावर आणावी लागली असती. सगळे हसले. एकीचा पोशाख पाहून पुंडलिकरावांच्या बायकोने, गोदावरीबाईंनी, पदर तोंडाला लावला आणि हिला आईबाप नाहीत का म्हणून विचारलं. पडलेल्या सिनेमाच्या नटाला बक्षीस मिळालं तेव्हा, त्याच्या सासऱ्याने विकत घेतलं असेल, असं ठरलं. कोणाचंच कोणाला बरं वाटत नव्हतं. निर्मलाबाईही दोन वेळा हसल्या. गुणाबाई हसली नाही. प्रत्येक नाव पुकारलं की ती थोडी पुढे सरकायची.

त्या नटीचं नाव आलं. आधी सिनेमाचा तुकडा दाखवला. पहाट, तलाव, धुकं, आणि पाण्यात उतरत चाललेली बाई, पाठमोरी. पडदाभर उघडी पाठ. पाणी कमरेला लागलं तशी ती थांबली आणि पुन्हा पुढे गेली.

गड्यांमध्ये कोणीतरी शीळ घातली. भैय्यालाल म्हणाला, मुंबईची मासोळी आपल्या तलावात पोहून गेली आन् आपन झोपूनच राहिलो. तुलारामही मिशीत हसला. नंतर निर्मलाबाईंना ते पुन्हापुन्हा आठवलं. पाठ नटीची आहे असं वाटत होतं तोवर तुलाराम हसत होता.

निर्मलाबाईंना तीन वण दिसले. त्यांनी गुणाबाईकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती आणि पदर ओढून ओढून पाठीवर घेत होती.

मग नटी बोलायला उभी राहिली. दिग्दर्शकाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, साडी नेसवणारीचं घेतलं, जंगलात गाडी हाकणाऱ्याचंही घेतलं. भैय्यालाल म्हणाला, "गुनाबाई, डायव्हरचा नंबर लागला वं, तुहा कवा?" नटी सांगत होती की तो सीन फार कठीण होता, त्या थंड पाण्यात मी चार तास उभी होते. मुंबईला टाळ्या पडल्या.

निर्मलाबाई सोमवार धरत, सकाळी महादेवाला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नसत. खोट्याची त्यांना चीड होती. शाळेत खोटं बोलणाऱ्याला त्या बाकावर उभं करीत. त्या उठल्या. मंडईत उठतात तशाच उठल्या, हात वर केला आणि म्हणाल्या, "ही खोटं बोलते. पाण्यात आपली गुणाबाई आहे. पाठीवरचे डाग पाहा. हे बक्षीस आपल्या गुणाबाईचं आहे."

त्यांना वाटलं होतं, लोक टाळ्या वाजवतील.

टीव्हीवर टाळ्या चालूच होत्या. मग भैय्यालालने सावकाश विचारलं, "म्हंजे आतापर्यंत आपन सारे इच्याच पाठीकडे पाहून राहिलो होतो?"

जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही. बायाही हसल्या. तुलाराम उठला, खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला, पुंडलिकरावांना राम राम म्हणाला आणि गुणाबाईच्या अंगावरून निघून गेला. बशीत ओतलेला चहा तसाच राहिला. गुणाबाई मागून दोन पावलं गेली आणि पायरीशीच उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. आमच्या होणाऱ्या सुनेच्या आईला साऱ्या मुलखाने उघडी पाहिली, आता आमचा विचार नाही.

पुढचा महिना गावाने मजेत घालवला. बाजारात टोपलीपुढे उभं राहून गडीमाणसं म्हणायची, तोंडाकडून नको, पाठीकडून दाखव, म्हणजे ओळख पटते. भैय्यालालने तिचं नाव हीरोईन ठेवलं आणि तेच चालू झालं. गोदावरीबाई तिच्या हातून मासोळी घेईनाशा झाल्या. घ्यायची तर गड्याकडून आणवायच्या आणि दारातच टोपलीवर पाणी मारायला लावायच्या. ढिवरांच्या बाया तशाच उघड्या पाठीने तलावात उतरत होत्या, आणि त्याही गुणाबाई आली की बाजूला सरकत. निर्मलाबाई एकदा बाजारात भैय्यालालला बोलल्या, लाज वाटत नाही का. तो हात जोडून म्हणाला, "बाई, आमाले तं मालूमच नोयतं. तुमीच दाखवली."

रुखमा आईशी बोलत नव्हती. बोलली ती एकदाच, आणि शेजारणीने ते निर्मलाबाईंपर्यंत पोचवलं. त्या पाण्यात एवढ्या वेळा उतरलीस, तर एकदा बुडून काहून नाई मेलीस, असं तिने आईला विचारलं होतं. गुणाबाईने म्हणे भाताची थाळी तिच्यापुढे सारली आणि भाजीत मीठ आहे का पाहा म्हणाली.

निर्मलाबाईंनी दोन सोमवार निर्जळ केले. कोणाला सांगितलं नाही. त्याने काही झालंही नाही.

आता बांध संपून गाडीवाटेची मोठी पांदण लागली. पलीकडे तुलारामच्या गावचा तलाव आणि त्याच्या काठाच्या पाळीवर महादेवाचं देऊळ दिसत होतं. देवळापुढे दहाबारा माणसं बसलेली. गुणाबाई एका मोहाच्या झाडाखाली थांबली आणि सकाळपासून पहिल्यांदा निर्मलाबाईंकडे तोंड करून बसली. पायातला काटा काढता काढता ती बोलायला लागली.

तुलारामच्या भावाने, धनीरामने, मध्यस्थी केली होती. पोराचं मन रुखमावर आहे, म्हणून आज समाजाची चार माणसं बसवली आहेत. ती पाठ हिची नव्हती असं ठरलं तर परवाच साक्षगंध करून टाकू. नाही तर पोराला दुसरीकडची मुलगी पाहून ठेवली आहे. गुणाबाई मागल्या आठवड्यात एकटी येऊन सांगून गेली होती की ती मी नव्हते. कोणी विश्वास ठेवला नाही. मास्तरीणबाई कशाला खोटं बोलेल, असं सगळे म्हणाले.

"डागांचं काय?" निर्मलाबाईंनी विचारलं.

डाग मुंबईवाल्यांनी माझे पाहून नटीच्या पाठीवर रंगाने रंगवले होते, असं सांगायचं. गुणाबाईने सगळा विचार करून ठेवला होता. त्यात चूक कुठेच नव्हती.

"अगं, पण त्या थंडीत चार वेळा तू उतरलीस," निर्मलाबाई म्हणाल्या. "तुझं काम होतं ते. तिने तुझं काम चोरलं."

"चोरू द्या," गुणाबाई म्हणाली. "तिच्याजवळ राहिलं तं तिले बक्षीस भेटते. माह्याजवळ राहिलं तं पोरगी घरी राह्यते."

निर्मलाबाईंना देवळाकडे पाहवेना. पिंडीवर हात ठेवून त्या आजवर कधी काही मागायलासुद्धा धजल्या नव्हत्या. गुणाबाईने निघालेला काटा बोटावर धरून नीट पाहिला, फेकला आणि उभी राहिली. पदर पाठीवरून पुन्हा घट्ट ओढला.

"बाई, तुमी खोटं बोलत नाई हे त्याइले मालूम हाय, म्हणूनच तुमाले आनलं," ती म्हणाली. "थे तुमाले पिंडीवर हात ठेवाले लावतीन. ठेवजा. आन् सांगजा, का थे मुंबईची बाई खरं बोलली, पान्यात तेच होती, गुनाबाई नोयती. पाप लागन तं माह्या नावानं लागू द्या म्हणून देवाले मंग सांगून टाकजा. फक्त बोलताना माह्याकडे पाहू नोका."