तिला ते घर आधीपासून माहीत होतं

मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनातलं ते चार बेडरूमचं घर माझ्याकडे विकायला आलं, तेव्हा मालकाची नोकरी जाऊन सात-आठ महिने झाले होते. पुण्याचा आयटीवाला, माझ्याहून थोडा लहान, पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायचा. घराला बाजारात जे मिळणार होतं ते त्याच्या कर्जापेक्षा कमी होतं. त्यामुळे गिऱ्हाईक मिळालं तरी बँक 'चालेल' म्हणेपर्यंत विक्री होणार नव्हती.

गिऱ्हाईक तीन आठवड्यांत मिळालं. क्लेटनला राहणारी एक मराठी नर्स. पुढचे अडीच महिने मात्र बँकेनं खाल्ले. दर वेळी फोनवर नवा माणूस, दर वेळी तेच कागद परत पाठवायचे. "नो वरीज, शुक्रवारपर्यंत कळवतो," म्हणायचे आणि शुक्रवार तसाच जायचा. एकदा एका बाईनं विचारलं, "विकणारा आणि घेणारी एकमेकांना ओळखतात का?" ओळखीतल्या ओळखीत घर स्वस्तात देऊन बँकेचे पैसे बुडवत नाहीत ना, हे तिला बघायचं होतं. मी बेधडक नाही म्हणून टाकलं.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी नर्सला मापं घ्यायला घर पुन्हा बघायचं होतं. मालक बाहेर होता, किल्ली माझ्याकडे होती. त्या घराचं लाँड्रीचं, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीचं, दार अडकायचं. हँडल धरून जरा वर उचललं की उघडायचं. हे मालकानं मला दाखवलं होतं, आणि तिच्या पहिल्या फेरीच्या वेळी मी ते दार आधीच उघडून ठेवलं होतं. फ्रीज कुठे बसेल हे बोलता बोलता ती तिकडे गेली, दार सहज वर उचललं आणि आत शिरली.

ती गेल्यावर मी गाडीत बसल्या बसल्या मालकाला फोन केला.

"तू हिला ओळखतोस?"

"नाही गं ताई. तूच आणलीस ना तिला?"

त्याचा आवाज जरा जास्तच शांत वाटला. सोमवारी मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, "युनिव्हर्सिटीत शिकत असताना वर्षभर मी याच घरात त्याच्याकडे खोली घेऊन राहिले होते. एवढंच. बँक उगाच संशय घेईल, तू बोलू नकोस, असं तोच म्हणाला."

एवढंच असेलही. पण खोटं माझ्या तोंडून गेलं होतं आणि घरं विकायचं लायसन्स माझं होतं. मी बँकेला सगळं लिहून कळवलं.

रात्री त्याचा फोन आला. "ताई, मी तुला आपलं माणूस समजत होतो. खरं सांग, तुझ्याकडे दुसरं कुणी गिऱ्हाईक आहे ना?"

"नाही."

"मग कशाला सांगितलंस?"

माझ्याकडे दुसरं कुणीच नव्हतं, पण त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

बँकेनं पुन्हा घराची किंमत काढून घेतली. ती आधीच्या आकड्याच्या जवळपासच निघाली. मग दोघांकडून लिहून घेतलं, की हा व्यवहार बाजारभावानंच होतोय आणि विक्रीनंतर मालक त्या घरात राहणार नाही. आणखी पाच आठवड्यांनी होकार आला. किल्ल्या मात्र त्यानं माझ्या हातात दिल्या नाहीत, वकिलाकडे पाठवल्या.

चारेक महिन्यांनी त्याच रस्त्यावरचं दुसरं घर दाखवायला गेले होते. त्या विकलेल्या घरापुढे तो दिसला. घरातल्या चपला घालून, कचऱ्याचे रिकामे डबे एकेक करून फाटकाच्या आत ओढत होता. पाहुणा आला असेल, मदत करत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्यानं मला पाहिलं आणि दुसरा डबा आत घेतला.

ऑफिसात येऊन मी ती फाईल काढली आणि त्या दोघांच्या सह्यांचं पान वाचलं. बँकेचा नंबर वरच लिहिलेला होता. मी फोन केला नाही. आपल्यातला माणूस म्हणून नाही केला, की पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचा कंटाळा आला म्हणून, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही.